डावी की उजवी?

"डॉक्टर, डावी की उजवी?"

लातूरच्या त्या कर्करोग रुग्णालयाच्या कँटीनमध्ये चहा घेऊन वळलेला वीरेश गोंधळला आणि एक पाऊल डावीकडे सरकला.

"तुम्ही न्हाई हो!" तिला हसू आवरेना. "चतुराबाईंची ग्रंथी. मी तनुजा, रेकॉर्ड विभागातली. गळ्यातल्या कार्डावर तुमचं नाव दिसलं, म्हणून विचारलं."

रुग्णाच्या प्रत्येक निदानाला ठरावीक कोड देणे, हे तिचे काम. चतुराबाईंचा फुफ्फुसाचा कर्करोग मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीत पसरला होता. वीरेशच्या नोंदीत उजवी ग्रंथी होती, स्कॅनच्या अहवालात डावी. आणि दोन्ही बाजूंचे कोड वेगळे.

"अहवालात डावी आहे ना? मग डावी टाका."

"अशी टाकता येत न्हाई. स्कॅन पाहून तुम्हीच ठरवायचं. उत्तर मी सुचवायचं नसतं."

दुसरा एखादा डॉक्टर चिडला असता. वीरेश मात्र चहा तसाच ठेवून वर गेला आणि स्कॅन पुन्हा पाहून आला. "डावीच. चूक माझी… नोंद दुरुस्त केली." तोवर तिने त्याच्या कपावर बशी झाकून ठेवली होती.

त्यानंतर तिच्या शंकांची उत्तरे द्यायला तो स्वतःच तळमजल्यावर येऊ लागला.

"कॉम्प्युटरवर लिहिलं असतं तरी चाललं असतं," ती म्हणे.

"चाललं असतं. पण कॉम्प्युटर असा हसत न्हाई."

मग तनुजाला टाकलेला कोड खोडून पुन्हा टाकावा लागे.

हिवाळ्यात हैदराबादच्या एका कंपनीने तिला नोकरी देऊ केली. संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता. तिला जायचे होतेच. पण वीरेशच्या मनातले न कळताच निघायचे, हे तिला जड जात होते. दुपारी तिने त्याला बातमी सांगितली.

"छान झालं," तो म्हणाला.

"एवढंच?"

"आणखी काय म्हणू… तुम्हीच सांगा."

"ते मी सुचवायचं नसतं, डॉक्टर."

वीरेशने खुर्ची ओढली, पण तो बसला नाही. "थांबा, असं म्हणणार न्हाई मी. जा तुम्ही. पण… तुम्ही मला लई आवडता, तनुजा. सुट्टी मिळाली की हैदराबादला येईन. येऊ ना?"

"इतके दिवस काय करून राहिले होते तुम्ही?"

"हिंमत गोळा."

त्याच्यासमोरच तिने हैदराबादला फोन करून होकार कळवला.

"हा नोकरीला," फोन ठेवत ती म्हणाली. "तुम्हालाही माझा होकार हाय. पण माझ्या वडलांचा, बापूंचा, घ्यायला आमच्या गावी उमरीला यावं लागेल."

"काय विचारतील ते?"

"आधी एवढंच — जेवून आलात का?"

"मग उपाशीच येतो," वीरेश म्हणाला.