बाईंची कोरी पाटी

लातूरच्या अध्यापन प्रयोगशाळेतली ती खुर्ची दातांच्या डॉक्टरकडे असते तशीच होती, आणि यशोदा बिडवे तिच्यावर बसायला काही तयार नव्हत्या. एकतीस वर्षं सातवीला गणित शिकवलेल्या बाई पर्स पोटाशी घट्ट धरून उभ्याच होत्या.

"आधी मला सांगा, सगळं परत येईल ना?"

"येईल हो, बाई," मेंदूवैज्ञानिक डॉ. नीलोफर तांबोळी म्हणाल्या. हा प्रश्न त्यांना प्रत्येक शिक्षक विचारत असे. "आम्ही काही पुसत नाही. अपूर्णांक तुमच्या डोक्यात एका स्मृतिवाटेच्या टोकाला आहेत. ही विस्मरणपट्टी कपाळाला बांधली की त्या वाटेवर पस्तीस मिनिटं नाकाबंदी होते. घंटा झाली की नाकाबंदी उठते. बस, एवढंच."

"पण मुलांना शिकवायचं तर मी कशाला विसरायचं? उफराटंच सगळं!"

"शिकवणार मुलं आहेत, बाई. तुम्हाला स्वतःला अपूर्णांक नीट कधी कळले?"

बाईंनी जरा विचार केला. "शिकवायला लागले तेव्हा."

"झालं तर मग! जो शिकवतो तोच पक्कं शिकतो. त्यासाठी समोर ज्याला येत नाही असं माणूस लागतं. यंत्राला शिकवायला मुलं कंटाळतात, कारण त्याला सगळं येतं हे त्यांना ठाऊक असतं. शिक्षकांना सोंग करायला लावून बघितलं, तर दुसऱ्याच दिवशी सगळे पकडले गेले. शिक्षकाच्या तोंडावर उत्तर दिसतं हो. म्हणून खरंच काही न येणारा शिक्षक हवा."

याला प्रतिशिक्षण असं भारदस्त नाव होतं. जे शिक्षक हे शिकून घेणार नाहीत ते 'अतिरिक्त' ठरणार होते. अतिरिक्त म्हणजे जिल्ह्याच्या यादीत नाव, आणि मग कुठल्या तरी आडगावच्या शाळेत रजिस्टरांवरची धूळ झटकत निवृत्तीची वाट बघायची. बाईंना तीन वर्षं उरली होती. त्यांनी लग्न केलं नव्हतं, देवदेव त्यांना जमत नव्हता, शेजारणींशी पटत नव्हतं. गणित गेलं तर या बाईचं उरणार होतं काय, सांगा!

शेवटी त्या खुर्चीवर बसल्या.

सोमवारी तिसऱ्या तासाला पट्टी बांधून बाई वर्गात पहिल्या बाकावर बसल्या. पहिलाच दिवस म्हणून शेजारी डॉक्टर होत्या. फळ्यावर एक छेद दोन अधिक एक छेद तीन असं लिहिलेलं होतं. बाईंना अंक ओळखू येत होते, पण पुढे काय करायचं ते काही केल्या सुचेना.

"दोन छेद पाच?" त्या भीत भीत म्हणाल्या.

वर्गात एकच हशा उठला. शिकवायची पाळी असलेला पोरगा कमरेवर हात ठेवून पुढे झाला. "डोक्यात काय कडबा भरलाय का? पालथ्या घड्यावर पाणी नुसतं! कितींदा सांगायचं, आधी छेद समान करा!"

यातला एकही शब्द त्याचा स्वतःचा नव्हता. एकतीस वर्षं हे सगळं बाईंच्या तोंडून वर्गावर बरसत आलं होतं. कायद्यानं छडी काढून घेतली तेव्हापासून तर त्यांची जीभच छडी झाली होती. शिकवायचं म्हणजे असंच, हे पोरांनी पाहिलेलं; दुसरी रीत त्यांना दाखवली होती कुणी? करावे तसे भरावे म्हणतात, पण भरताना लागतं हो! बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

घंटा झाली. डॉक्टरांनी पट्टी सोडून तेच गणित विचारलं.

"पाच छेद सहा," बाई ताडकन म्हणाल्या. आलं परत! त्यांना इतकं हायसं वाटलं की त्या डॉक्टरांचा हात बराच वेळ सोडेनात.

तरी धसका तो धसकाच. घरी गेल्यावर त्यांनी चहासुद्धा न घेता वही काढली आणि अपूर्णांकांची चाळीस गणितं सोडवली. वाट वापरात राहिली तर बुजणार नाही, असा साधा हिशेब होता. ते मग रोज संध्याकाळचंच झालं.

वर्गात भिंतीवर एक आकलनफलक होता. बाईंना किती कळलं, तो आकडा त्यावर उमटत राही, आणि तासाच्या शेवटी असेल तेवढेच गुण शिकवणाऱ्या मुलाला मिळत. खेकसणाऱ्यांना ऐंशीच्या पुढे मिळत होते.

मग शांभवी ढोबळेची पाळी आली. 'मठ्ठ' हे तिचं नाव बाईंनीच पाडलेलं. तिनं डब्यातली भाकरी काढली. "बाई, ही बघा अर्धी. आणि हा दुसऱ्या भाकरीचा तिसरा हिस्सा. तुकडे सारखे नाहीत, मग एकत्र मोजायचे कसे? आधी सारखे करू या. सावकाश होऊ द्या, मलापण वेळ लागतो." पट्टीखाली बसल्यापासून बाईंना पहिल्यांदाच भीती वाटली नाही. किती बरं वाटलं त्यांना! आता कळणार, कळणार, एवढ्यात घंटा झाली.

फलकावर बावीस आले.

"तुझ्याच्यानं नाही व्हायचं, मठ्ठे," मागून कुणीतरी अगदी बाईंच्या ठसक्यात म्हणालं.

पुढच्या पाळीला शांभवीनं भाकरी आणली नाही. तिच्या हातात लाकडी पट्टी होती. "बाई, हात पुढे करा."

"अगं, हे काय!"

"तुम्हीच सांगायच्या ना, गुरुजींनी मारलं म्हणून मी घडले?"

विद्यार्थ्याला मारायला कायद्यानं बंदी होती. शिक्षकाला मारण्याबद्दल त्या कायद्यात अवाक्षर नव्हतं. कुणाला सुचणार ते! पहिला फटका हळू बसला, आणि मारणारीच रडायला लागली. फलकावर चाळीस. दुसरा सणसणीत बसला, आणि पंच्याण्णव आले. त्या आठवड्यात सगळ्या वर्गानं लाकडी पट्ट्या आणल्या.

बाईंनी हे कुणालाही सांगितलं नाही. सातवीतली पोरं मारतात, हे सांगायचं कुठल्या तोंडानं? शिवाय शांभवी आता अपूर्णांक चुकत नव्हती. याचा बाईंना आनंद होत होता, खोटं कशाला बोला.

दिवाळीनंतर डॉक्टर तपासणीला आल्या आणि आलेख बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "बाई, नाकाबंदी दर महिन्याला वाढवावी लागतेय. घरी काही करता का तुम्ही?"

बाईंनी अभिमानानं अकरा वह्या टेबलावर ठेवल्या. "जुनी वाट बुजू नये म्हणून रोज चाळीस गणितं!"

"अहो, काय केलंत हे!" डॉक्टरांनी वरची वही उघडून पाहिली. "नाकाबंदीत मुलं शिकवतात तेव्हा मेंदू नवी वाट पाडतो. वापरली नाही तर ती आपोआप विरते. पण तुम्ही संध्याकाळी गणिताला बसलात की मेंदू ताज्याच वाटेनं निघणार. तुम्हाला वाटलं जुनी राखतेय, आणि रोज तुडवलीत ती नवीच. जुनी गेली, बाई."

"म्हणजे आता मला जे येतं ते..."

"मुलांनी शिकवलेलं. जसं शिकवलं, अगदी तसंच. उत्तर तेवढं बरोबर येतं."

बाईंनी वह्या एकेक करून उचलल्या. "मग थांबवू या का हे?"

"थांबवलं तरी जुनं परत येणार नाही. आणि सोमवारी शिक्षण संचालक यायचेत," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचं पुढच्या तीनशे शाळांचं काम त्या भेटीवर अडलं होतं.

बाईंना ती अतिरिक्तांची यादी आठवली. "राहू द्या मग. उत्तर बरोबर येतंय ना, झालं," त्या म्हणाल्या.

सोमवारी वर्गात खुर्च्या मांडल्या होत्या. संचालकांनी आल्या आल्या अट घातली. "आधी पट्टीशिवाय विचारा. बाईंचं ज्ञान शाबूत आहे, हे मला बघायचंय."

"बाई," डॉक्टर म्हणाल्या, "तीन छेद चार अधिक एक छेद सहा?"

बाईंनी तोंड उघडलं. उत्तर आत कुठंतरी आहे हे त्यांना कळत होतं. पण घरी वहीत सुटायचं ते इथं वर्गात, कुणी विचारल्यावर येईना, आणि त्यांचा उजवा हात पुढे आला. तळवा वर, बोटं ताठ.

"बाई, उत्तर सांगा ना."

हात तसाच. बाईंनी लाजेनं मान खाली घातली, पण हात मागे घेणं त्यांना जमेना. तो हात कशासाठी पुढे आला, ते वर्गात फक्त मुलांना कळलं होतं. शांभवी उठली, जवळ आली आणि तिनं लाकडी पट्टी मारली.

"अकरा छेद बारा!" बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या.

संचालकांनी खिशातून पेन काढलं. मग त्यांनी कागदावर पडताळून पाहिलं. "उत्तर तर बरोबर आहे," ते म्हणाले. "आणखी एक विचारा."

"एक छेद पाच अधिक एक छेद दोन," डॉक्टरांनी विचारलं. बाईंचा हात पुढेच होता.

"मी नाही मारणार आता," शांभवी हुंदके देत म्हणाली.

डॉक्टर तांबोळींनी एकदा संचालकांकडे पाहिलं आणि तिच्या हातातून लाकडी पट्टी काढून घेतली.