सुधानं कुणाचं नाव घेतलं?

फलटणच्या खैरमोड्यांच्या घरी संध्याकाळी साडेसातला दोन खोल्यांत दोन मालिका चालत आणि दोन्हींना म्हणायचं एकच, स्वमालिका. पडदा तुमचे डोळे बघतो, नाडी मोजतो आणि तुम्हाला रुचेल ते तिथल्या तिथं रचून दाखवतो. कंटाळा यायच्या आत प्रसंग बदलतो. लाडकं माणूस कधी मरत नाही, नावडतं फार टिकत नाही. पुढच्या खोलीत दिलीपराव हसले तरी कशाला हसले हे मागच्या खोलीत त्यांच्या बायकोला, उज्ज्वलाताईंना, कळत नसे, आणि विचारूनही उपयोग नव्हता. ‘काल बघितलंस का?’ हा प्रश्न गावातून उठून दहा-अकरा वर्षं झाली होती.

उज्ज्वलाताई बासष्टीच्या, पोस्टातून निवृत्त झालेल्या, जिभेनं तिखट. त्यांची स्वमालिका अकरा वर्षं सुरळीत चालली होती आणि हल्ली तिच्यासमोर त्यांना डुलक्या येत. रोजच श्रीखंड वाढलं तर माणूस ठेच्यासाठी तडफडतो, तसं झालं होतं. पण ठेचा कशाला म्हणतात हेच विसरायला झालं होतं.

त्याच सुमारास वाघजाईच्या सड्यावर, जिथं आकाशातल्या रेडिओलहरी टिपणाऱ्या अवाढव्य थाळ्या उभ्या आहेत, तिथं एका ताऱ्याच्या दिशेकडून एक चित्र आलं. मुंग्या भरल्यासारख्या पडद्यावर एक बाई आणि तिच्याजवळ घंगाळ. तिथल्या शास्त्रज्ञ डॉ. इरावती कुळमेथे यांनी ते चित्र लोकांपुढं ठेवलं आणि ओळखीचं वाटतं का, असं विचारलं. हजारो लोकांनी घरच्या यंत्राला विचारलं, आणि यंत्रांनी ज्याला जे आवडेल ते उत्तर दिलं. उज्ज्वलाताईंनी यंत्राला विचारलंच नाही. त्यांनी थेट कळवलं, की ही अंबूमावशी, मालिका ‘चौथं बिऱ्हाड’, भाग अठरावा. घंगाळाखाली वीट होती, ती तुमच्या यंत्रानं घाण समजून पुसली आहे.

इरावतीबाईंनी मूळ लहरी पुन्हा तपासल्या. वीट होती.

‘चौथं बिऱ्हाड’ शेहेचाळीस वर्षांपूर्वी दर गुरुवारी लागायची. टेपा महाग, म्हणून स्टुडिओनं त्यांच्यावरच दुसरे कार्यक्रम भरून टाकले आणि मालिका पृथ्वीवरून पुसली गेली. पण मनोऱ्यावरून सुटलेल्या लहरी अंतराळातही निघाल्या होत्या. तेवीस वर्षं जाऊन त्या कशावर तरी आपटल्या आणि तेवीस वर्षं घालवून माघारी आल्या, असं इरावतीबाईंनी समजावलं. एक गोष्ट मात्र त्यांना खटकत होती. इतक्या लांबून आलेला पडसाद इतका ठसठशीत नसतो.

ते कोडं शास्त्रज्ञांना लखलाभ, बाकीच्यांना मालिका हवी होती. गुरुवारी सकाळी अकराला एक भाग उतरायचा, सड्यावरून तसाच घरोघरी दिसायचा, आणि तो पुढं ढकलता येत नव्हता, कारण आभाळाला बटण नाही. इरावतीबाईंनी ताईंना जाणकार म्हणून नेमलंच होतं. यंत्र कुठं स्वतःच्या मनचं भरतंय, ते ताई फलटणहून सांगायच्या. बघता बघता अख्खी आळी त्यांच्या पुढच्या खोलीत जमायला लागली. कुणी जोंधळे निवडत बसे, कुणी कामाला दांडी मारून येई. भाग संपला की आठवडाभर नुसता काथ्याकूट. सुधा माधवशी लग्न करणार की विश्रामशी? ताई माधवच्या बाजूच्या. मालिका म्हणजे रिकामटेकड्यांचा धंदा म्हणणारे दिलीपराव विश्रामच्या बाजूनं असे भांडू लागले, की एका रविवारी दोघांत अबोला झाला. अकरा वर्षांत नवरा-बायकोला भांडायला एवढा चांगला विषय मिळाला नव्हता. ताईंना मनातून इतका आनंद झाला, की त्यांनी अबोल्यातच त्यांच्यासाठी घावन घातले.

कुणीतरी सुचवलं, शेवट काय तो स्वमालिकेलाच विचारू. ताईंनी तो उद्योग पूर्वी करून पाहिला होता. त्यांच्या पडद्यानं माधव म्हटलं, शेजारच्या निर्मळेबाईंच्या पडद्यानं विश्राम. यंत्र खोटं बोलत नाही हो, ते फक्त तुमचंच तोंड तुम्हाला दाखवतं.

मग एक्केचाळिसावा भाग आला. सुधा परस्पर लग्न करून दारात उभी आहे. नवरा चौकटीच्या बाहेर, दिसत नाही. बिऱ्हाडांतल्या बायकांनी वाट अडवलीय, नाव घेतल्याशिवाय आत सोडायचं नाही. सुधा उखाणा सुरू करते, “तीन बिऱ्हाडांच्या ओसरीवर चौथा लावला दिवा,” आणि पडद्यावर ‘क्रमशः’. त्या काळी पुढच्या गुरुवारी मालिकेच्या जागी कबड्डीचा सामना लागला होता. मालिका का बंद पडली, कुणी सांगितलं नाही. सोळा वर्षांची उज्ज्वला त्यानंतर पाच गुरुवार टीव्हीपुढं बसली होती. पाचव्याला रडून उठली. लग्न, मुलं, नोकरी सगळं झालं, पण सुधानं कुणाचं नाव घेतलं हा सल राहिलाच.

आताही पुढच्या गुरुवारी आभाळ गप्प होतं. त्याच्या पुढच्याही. आळी पांगली, जो तो आपापल्या पडद्याकडं परतला. ताई मात्र एसटीनं सड्यावर जायच्या, खरखर ऐकत बसायच्या. सातव्या गुरुवारी इरावतीबाई चहा देत म्हणाल्या, की ताई, आता काही यायचं नाही. ताई म्हणाल्या, पाचवर उठले होते एकदा, पुन्हा ती चूक करायची नाही.

अकराला खरखर थांबली आणि ‘चौथं बिऱ्हाड’चं सुरुवातीचं संगीत वाजलं.

तीच ओसरी, त्याच बायका. दारात सुधा. उंबऱ्यावर तांदळाचं माप. सुधानं मापाकडं पाहिलं, खाली वाकली, दोन्ही हातांनी ते अलगद उचललं आणि एकही दाणा न सांडता बाजूला ठेवलं. मग पुन्हा दारातच उभी राहिली.

“हे आपल्या माणसांनी केलेलं नाही,” ताई हळूच म्हणाल्या.

इरावतीबाईंनी चमकून पाहिलं. ताईंनी पडद्यावरून नजर न हलवता सांगितलं, की माप पायानं लवंडायचं असतं, हे शेंबडं पोरही सांगेल. मालिकेत त्याआधी कुणाचा गृहप्रवेश दाखवलाच नव्हता. ज्यानं हे केलं त्यानं फक्त एक्केचाळीस भाग पाहिलेत. त्याला दारात धान्य दिसलं, आणि ते सांडू नये एवढंच त्याला कळलं.

चित्र इतकं ठसठशीत का, हे इरावतीबाईंना आता कळलं. म्हणजे तो पडसाद नव्हता. कुणीतरी दर गुरुवारी भाग बघत होतं आणि आवडला म्हणून जसाच्या तसा परत पाठवत होतं. मग भाग यायचे थांबले. त्यांनीही वाट पाहिली. सात आठवडे. शेवटी राहवेना, तेव्हा पुढचा भाग त्यांनीच रचला. ताईंचे डोळे भरून आले. आपण पाच गुरुवार बसलो, हे सात. इतक्या दूर, दुसऱ्याच सूर्याखाली कुणीतरी सुधासाठी आपल्याहून जास्त झुरलं होतं. स्वमालिकेच्या अकरा वर्षांत जे एकटेपण जाणवलंही नव्हतं, ते त्या क्षणी ताईंना जाणवलं, आणि त्याच क्षणी ते गेलंही.

पडद्यावर सुधानं मान वर केली. चौकटीबाहेरच्या नवऱ्याकडं पाहिलं नाही, मग तो माधव असो की विश्राम. सरळ समोर, बघणाऱ्याकडं पाहिलं.

“तीन बिऱ्हाडांच्या ओसरीवर चौथा लावला दिवा,” ती म्हणाली. मग तिच्या तोंडून एक आवाज निघाला. तीन सूर एकदम, त्यातला मधला कुठल्याही माणसाच्या गळ्यातून निघणार नाही असा. “...नाव घेते, आशीर्वाद तुमचा हवा.”

‘क्रमशः’ आलं नाही. चित्र तसंच राहिलं. अर्धा तास झाला, तास झाला, सुधा ओसरीवर उभी, नजर समोर. इरावतीबाईंनी विचारलं, की तो आवाज म्हणजे त्यांचं नाव असेल का, आणि भाग संपत का नाही.

“त्यांचंच नाव,” ताई म्हणाल्या. “मालिकेत जो तो ज्याच्यावर जीव आहे त्याचं नाव घेतो, तेवढं त्यांना उमगलंय. त्यांनी सुधाच्या तोंडून स्वतःचं नाव आपल्याला सांगितलं. आणि भाग संपलेला नाही, मॅडम. नवरीनं नाव घेऊन झालं की समोरच्याची पाळी असते. आपण नाव घ्यायची ते वाट बघताहेत.”

उत्तर तिथं पोचायला तेवीस वर्षं, म्हणजे ताई पंचाऐंशीच्या. त्यावरचं ऐकायला माघारी आणखी तेवीस. ताईंनी हिशेब केला आणि तो सोडूनही दिला. वाट बघणं त्यांना आता जड नव्हतं.

इरावतीबाईंनी बोलायचं यंत्र त्यांच्यापुढं सरकवलं. या सगळ्या पृथ्वीवर स्वतःच्या पडद्यापलीकडं पाहणारी माणसं उरली होती किती, आणि त्या सगळ्यांचं मिळून सांगावं असं एक नाव होतं कुठं? ताईंनी पदर सारखा केला, सुधाच्या डोळ्यांत पाहिलं आणि विचारलं,

“मॅडम, आपण घ्यायचं तर कुणाचं नाव घ्यायचं?”