थोरलीच्या पाठीवरचं तळं

माझ्या गोष्टीतलं निम्मं वजा करून ऐकायचं, असा आमच्या घरचा नियम आहे. मी बांधलेली एक वही पुरात वाहून गेली आणि सात गावं पोहून मालकाच्या उंबऱ्याशी परत आली, असं मी सांगू लागलो की घरचे लगेच साडेतीन गावं कापतात. कापू देत. ही गोष्ट मात्र अख्खी ऐका, कारण हिच्यात माझी काहीच करामत नाही. मी नुसता कोपऱ्यात पुठ्ठ्याला खळ लावत बसलो होतो.

आमचं बाइंडिंगचं दुकान. पुढे काउंटर, मागे लांब टेबल, आणि टेबलाच्या टोकाला माझी पुतणी. तिला सगळे शाई म्हणतात; बोटं कायम निळी, कधी नाकाचा शेंडाही. दुकानातली मुखपृष्ठं तीच काढते.

त्या दुपारी वजनमापाच्या ऑफिसातला एक तरुण निरीक्षक आमचा पार्सल जोखायचा काटा तपासायला आला. मखमली खणांची पेटी उघडली, चिमट्यानं एकेक पितळी वजन उचललं, पारड्यात ठेवलं, श्वास रोखून बघितलं. इतक्या हळुवारपणे माणूस बाळालाही पाळण्यात ठेवत नाही.

"काटा खरा आहे," तो म्हणाला.

"काटा खराच असणार," शाई म्हणाली. "खोटं बोलायचं काम या दुकानात काका करतात. अहो… एक विचारू? फासा तपासता का तुम्ही?"

"फासा?"

तिनं मूठ उघडली. तळहातावर वीस बाजूंचा एक लाल फासा. त्यानं तो चिमट्यानंच उचलला, उजेडात फिरवला आणि म्हणाला, "ग्लासभर पाणी आणा. आणि मीठ."

"किती मीठ?"

"फासा तरंगेपर्यंत."

माझ्या डब्याशेजारची मिठाची बरणी रिकामी झाली, तेव्हा कुठे फासा वर आला. त्यानं बोटानं टिचकी मारली. फासा गरगरला, थांबला. तीन. पुन्हा टिचकी. तीन. दोघांची डोकी ग्लासावर इतकी वाकलेली, की मला खळीचं भांडं उगाच खडखडवावंसं वाटलं.

"आत हवेचा बुडबुडा राहिलाय. ती बाजू हलकी, म्हणून तीच वर येते. खोटा आहे. टाकून द्या."

"किती सहज म्हणता! तीन वर्षं आहे माझ्याकडे."

"म्हणून तर… सवय झाली की खोटं मापसुद्धा खरं वाटायला लागतं."

"हे तुम्ही सगळ्या दुकानदारांना ऐकवता की आम्हालाच?"

तो लाजला. वजनं पेटीत ठेवताना दोन चुकीच्या खणांत गेली. मी पाहिलं.

मग त्यानं विचारलं, हे कशासाठी? शाईला कुणी विचारायचीच खोटी! टेबलाभोवती बसून खेळायचा एक गोष्टीचा खेळ असतो. पाच जण पाच वीर होतात, सहावा गोष्ट सांगतो आणि वाटेत राक्षस आडवे घालतो. कुणाचा वार लागला, कुणाचा हुकला, ते फासा ठरवतो: मोठा आकडा आला तर वार बसला, तीन आला तर हवेत. विकतचे राक्षस मिळतात, पण शाई ते घरी बनवते. आणि छोटे नाही.

"किती मोठे?"

"मागच्या वर्षीच्याच्या नखावर हे दुकान मावलं असतं."

"मग काय झालं त्याचं?"

शाईचा चेहरा पडला. शहरातल्या खेळवेड्यांचा दरवर्षी मेळावा भरतो. तिथे लोक आपापले राक्षस आणतात, आणि जो उत्तम ठरेल तो छापील पुस्तकात जातो. पहिल्या वर्षी शाईच्या राक्षसानं दुसऱ्याच फेरीत पाचही वीर चिरडले. खेळणारे तोंड पाडून घरी गेले. दुसऱ्या वर्षीचा, नखवाला, स्वतःची पाळी यायच्या आधीच मेला.

"साहजिक आहे," तो म्हणाला. "पाच जण पाच वेळा मारणार, हा बिचारा एकदा. पारडी सारखी कशी राहणार?"

शाई त्याच्याकडे बघत राहिली. हे गणित कळायला तिला दोन वर्षं लागली होती.

"हे तिसरं वर्ष," ती म्हणाली. "यंदाही जमलं नाही तर मी लग्नाच्या अल्बमांची मुखपृष्ठं काढत बसेन, राक्षसांचं नाव काढणार नाही. पाच फेऱ्या चालली पाहिजे लढाई. शेवटी दोघं उभे, तिघं आडवे, आणि सगळ्यांच्या तळहाताला घाम. पण तपासून बघायला माणूस हवा. पाचही वीर एकट्यानं खेळणारा."

"शनिवारी दुपारी मला सुट्टी असते," तो म्हणाला. मग घाईनं, "म्हणजे… काटा पुन्हा बघायलाही यायचंच होतं."

आत्ताच खरा ठरवलेला काटा! मी दाभण तोंडात धरून हसू आवरलं.

पुढच्या शनिवारी तो बाद झालेली पाच जुनी पितळी वजनं घेऊन आला. हे त्याचे वीर. पन्नास ग्रॅमची तिरंदाज, किलोचा ढालवाला, असे. शाईनं तिची राक्षसीण मांडली. सहा पायांची, टेकडीएवढी, आणि पाठीवर एक तळं. नाव थोरली. माझ्या थोरल्या बहिणीवरून, म्हणजे शाईच्या आत्यावरून. तीही चालू लागली की वाटेतले लोक आपोआप बाजूला होतात.

"पाठीवर तळं आहे?" त्यानं चित्र उलटंसुलटं करून पाहिलं. "मग एकाच बाजूचे पाय तोडले तर ती कलेल. पाणी सांडेल."

"सांडलं तर?"

"सगळे बुडतील. म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखंच मारावं लागेल. अधीर होऊन चालणार नाही… आणि प्रत्येक पायाला त्याची त्याची पाळी द्या. सहा पाय, सहा पाळ्या. मग ती पाचांना पुरून उरेल."

शाईनं हे वहीत उतरवताना इतकी शाई सांडली, की त्याच्या पांढऱ्या बाहीवर एक निळं तळं उमटलं. ती "अय्या, सॉरी!" म्हणाली. तो म्हणाला, "असू दे." पुढच्या शनिवारी तोच शर्ट घालून आला. डाग धुतलेला नव्हता.

मी पुठ्ठ्याचा एक पडदा करून दिला होता, तीन घड्यांचा. शाई त्याच्या आड बसून थोरलीचे फासे टाकायची आणि वार बसला की हुकला ते मोठ्यानं सांगायची. पलीकडे तो. मधे पडदा, वर फक्त दोन जोडी डोळे.

"ढालवाला काय करतोय?"

"विचार करतोय."

"इतका वेळ?"

"समोर बघण्यासारखं खूप आहे."

"थोरलीबद्दल बोलताय ना?"

"…हो. थोरलीबद्दलच."

सहा शनिवार असे गेले, आणि सहाही शनिवारी तो हरला. कधी एकाच बाजूचे तीन पाय तोडून तळं अंगावर घ्यायचा, कधी जखमी तिरंदाजला थेट पायाखाली नेऊन उभी करायचा. शाई प्रत्येक वेळी सुस्कारा सोडायची आणि वहीत थोरलीचा जीव, म्हणजे ती किती मार सोसेल तो आकडा, कमी करायची. एका पायाचा जीव ऐंशी होता, तो साठ झाला, मग पंचेचाळीस, मग तीस.

मी आयुष्यभर पत्ते कुटलेत. माणसाचा हात जिंकणाऱ्या पानाकडे जातो आणि मधूनच परत फिरतो, तेव्हा मला ते पाठीकडूनही दिसतं. पण मी बोललो नाही. मेळाव्याआधी थोरली नीट झाली असती तर शनिवार संपले असते, आणि या वयात मला दुकानात दुसरी करमणूक काय?

मेळावा दोन रविवारांचा. पहिल्या रविवारी पाच मुरलेले खेळाडू शाईच्या टेबलाशी बसले. मेळाव्याचे म्होरके दातांचे डॉक्टर आहेत. बोलणंही तसंच, आधी बधिर करायचं, मग ओढायचं.

थोरली दीड फेरीत आडवी झाली. चहा यायच्या आधी.

"छान आहे हो," डॉक्टर म्हणाले. "गोड आहे. चित्र तर फारच सुरेख." मग म्हणाले, "पुढच्या रविवारपर्यंत दुरुस्त झाली तर आणा. नाही झाली तर राहू द्या."

आमचा निरीक्षक मागे उभा होता. तिनं वळून पाहिलं तेव्हा तो बुटांकडे बघत होता.

सोमवारी दुपारी तो दुकानात आला. बाहेर भुरभुर पाऊस, पत्र्यावर कुणी मूठ-मूठ तांदूळ टाकावेत तसा. शाई वही उघडून बसली होती.

"दुसरा शनिवार," ती वर न बघता म्हणाली. "चौथी फेरी. तिरंदाजनं डावा पाय मारला असता तर तुम्ही जिंकला होता. तिसरा शनिवार, तेच. पाचव्या शनिवारी तर थोरली मरायलाच टेकली होती, आणि तुमचा ढालवाला… फुलं तोडायला गेला!"

"त्याला फुलं आवडतात."

"खरं सांगा!"

तो खुर्चीत बसला. बाहीवरच्या निळ्या डागावर बोट फिरवत राहिला.

"जिंकलो असतो तर चाचणी संपली असती," तो म्हणाला. "मग पुढच्या शनिवारी… काय निमित्त सांगून आलो असतो? काटा तर खराच होता."

पाऊस पडत होता. मी खळ ढवळणं थांबवलं.

"लोकांच्या मापातलं पाप शोधायचा पगार घेतो मी," तो म्हणाला. "आणि तुमच्याच मापात पाप केलं. तीन वर्षांची मेहनत होती तुमची. मला माफ नका करू हवं तर. पण या आठवड्यात रोज येऊन खरं खेळतो. थोरली उभी राहिली की मी नाही येणार."

शाई उठली. मला वाटलं, आता वही फेकते. तिनं पाण्याचा ग्लास आणला, मीठ आणलं. बरणीतलं अख्खं मीठ, पुन्हा! टेबलावरचा माझा पडदा उचलून तिनं आडवा ठेवला. त्याच्यामागे, दौतीच्या शेजारी, लाल फासा होता. तिनं तो पाण्यात सोडला. टिचकी मारली.

तीन.

"हा?" तो पुटपुटला. "टाकून द्या म्हटलं होतं…"

"थोरली तुझ्यावर हाच टाकत होती," शाई म्हणाली. "सहाही शनिवार."

ती पहिल्यांदाच त्याला 'तू' म्हणाली होती. त्याला ते ऐकू आलं, पण पोचायला जरा वेळ लागला.

"लढाई लवकर संपू नये म्हणून," ती आता ग्लासाशीच बोलत होती. "तुझी ती पन्नास ग्रॅमची तिरंदाज अकरा वेळा मेली असती. मी मरू दिली नाही. आणि एवढं करूनही तू हरायचास, म्हणून मला वाटलं थोरली फारच भयंकर झालीये. मी तिचा जीव कमी करत गेले…"

तो थक्क होऊन बघत होता. मग एकदम हसायला लागला. "तरीच! मी म्हणतोय, हरायला एवढी मेहनत का पडतेय? मरायला पायाखाली जाऊन उभा राहायचो, तर राक्षसीणच नेम चुकवायची!"

"हसू नकोस. पाच दिवस उरलेत."

"मग खेळू या. पडदा?"

"पडदा नको."

त्या आठवड्यात मी दोघांना खरं खेळताना पाहिलं. फासे उघड्यावर, नवे, त्यानं मिठाच्या पाण्यातून काढून पसंत केलेले. तो पडेल ते मारायचा, ती पडेल तसं चिरडायची. तिरंदाज मंगळवारी मेली, बुधवारी मेली, गुरुवारी मेली तेव्हा शाईच्याच डोळ्यांत पाणी आलं आणि तो म्हणाला, "रडू नकोस गं, अजून चौघं आहेत." पायाचा जीव तीसवरून चढत चढत बासष्टला थांबला. शुक्रवारी पाचवी फेरी संपली तेव्हा दोन वजनं उभी होती, तीन आडवी. त्यानं तळहात पुढे केला. घामानं ओला होता. तिनं खात्री करून घेण्यासाठी तो हातात घेतला, आणि खात्री व्हायला बराच वेळ लागला. मी काउंटरवर जाऊन बसलो. म्हाताऱ्यालाही काही रीतभात असते.

रविवारी थोरली पाच फेऱ्या उभी राहिली. शेवटचा पाय गेला तरी तळ्यातला एक थेंब सांडला नाही, इतकं जपून मारलं त्या पाचांनी. दातांचे डॉक्टर कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत. त्या दिवशी बधिर व्हायची पाळी त्यांची होती. पुस्तक छापून झालं, आणि बांधायला आमच्याच दुकानात आलं. चौथ्या प्रकरणात थोरली आहे. आत्यानं चित्र पाहिलं आणि म्हणाली, "चेहरा ओळखीचा वाटतो." आम्ही सगळे छताकडे बघत राहिलो.

आता तो फक्त शनिवारी येत नाही. तो घरचाच झाला. लाल फासा शाईनं टाकला नाही. खिडकीत मिठाच्या पाण्याचा ग्लास कायम भरलेला असतो. दोघांचं भांडण झालं की फासा सोडायचा, असं ठरलंय. तीन आला तर माफी त्यानं मागायची, दुसरा कुठलाही आकडा आला तर तिनं.

आजवर दुसरा आकडा आलेला नाही. माणूस वजनमापाचा आहे, त्याला बुडबुड्याचं सगळं ठाऊक आहे. तरी दर वेळी तो ग्लासावर वाकतो, टिचकी मारतो, श्वास रोखून बघतो, आणि मोठ्या आश्चर्यानं म्हणतो,

"अरेच्चा! तीनच आला की गं!"