न दुखणारा पाय

माणसं चंद्रावर घरं बांधू लागली होती, पण जोमा म्हात्रे यांच्या मिठागराचा चिखलाचा तळ अजून पायांनीच तुडवून घट्ट केला जात होता. यंत्राच्या तुडवणीला पायाची सर नाही, हे त्यांचं ठाम मत. मोसमाची पहिली तुडवण अनवाणी, आणि तीही त्यांचीच.

त्या सकाळी चिखलातल्या त्यांच्या पावलांत नात उर्वीला लाल ठसे दिसले. आजोबांच्या टाचेत शिंपल्याचा तुकडा रुतला होता.

"मना काय दुखत नाय, बाय," आजोबा हसले. "पाय मिठानं मुरलाय."

मिठागरात हे सगळे अभिमानानेच सांगतात. उर्वीला मात्र कोडं पडलं. साधा काटा रुतला तरी ती घर डोक्यावर घेई. मग एवढ्या जखमेने दुखत कसं नाही?

तिने टिटवीला हाक मारली. टिटवी म्हणजे बांधांवरून लांब काटकुळ्या पायांनी फिरणारा आरोग्य-यंत्रमानव. टिटवीने पाय चाचपला. "गार आहे. पायाची नाडीही लागत नाही." मग तिने उर्वीच्या हातात नायलॉनचा दोरा दिला.

"आजोबा, डोळे मिटा. तळव्याला दोरा लागला की सांगा."

आजोबा वाट पाहत राहिले. "लाव की गं आता."

"सगळीकडे लावून झाला, आजोबा."

आजोबांचं हसू मावळलं.

"तुम्हाला मधुमेह (रक्तात साखर वाढण्याचा आजार) आहे ना?" टिटवीने विचारलं.

"हाय. गोली कधी घेतो, कधी नाय."

"वाढलेली साखर धमन्यांच्या (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या नळ्यांच्या) अस्तराला वर्षानुवर्षं इजा करते. तिथे चरबी साठते, नळी अरुंद होते."

"चरात गाळ बसला की खाडीचं पाणी शेवटच्या वाफ्यात पोचत नाही, तसं?" उर्वी म्हणाली.

"तसंच. पाय हा शेवटचा वाफा. रक्त पोचलं नाही तर जखम भरत नाही. शिवाय साखरेने चेतातंतू (मेंदूकडे निरोप नेणारे धागे) बिघडतात. जखम झाल्याचं कळतच नाही."

"शेजारच्या पोशाचा पाय असाच कापायला लागला व्हता," आजोबा हळूच म्हणाले.

"आज दवाखान्यात आलात तर तुमचा वाचू शकेल. पण आता एक पाऊलही चालू नका."

आजोबा अर्धवट तुडवलेल्या तळाकडे बघत बसले. उर्वीला रडू फुटलं. "मीठ पुढच्या वर्षीही पिकेल, आजोबा!"

आजोबांनी मान डोलावली, आणि टिटवीने त्यांना उचलून दवाखान्याच्या गाडीत बसवलं.

डॉक्टरांनी बारीक फुग्याने धमनी उघडली. पाय ऊबदार झाला, जखम मात्र भरता भरता महिने गेले. संवेदना परतली नाही. "त्यावर संशोधन चालू आहे," टिटवी म्हणाली. आजोबा आता गोळी चुकवत नाहीत, आणि रोज संध्याकाळी उर्वी त्यांचे तळवे निरखून बघते.

पुढच्या मोसमात पहिली तुडवण उर्वीने केली. आजोबा मऊ बूट घालून बांधावर बसले होते.

"आई गं!" उर्वी एकदम ओरडली. पायाखाली शिंपला आला होता.

"दुखला?"

"खूप!"

आजोबांचे डोळे भरून आले. "बरा झाला, बाय," ते म्हणाले. "लय बरा झाला."