दोन हिसके

ताईचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या नळाला वायसर बसवत होतो. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. सोळा वर्षांत आमचं बोलणं फोनवरच, तेही दोन मिनिटांचं. ‘बरी आहेस?’ ‘बरी आहे.’ ‘ठेवतो.’

त्या दिवशी ती म्हणाली, “घर विकलं मी. आता मुलाकडे राहायला जाणार. माळा रिकामा करताना ह्यांची दोरी सापडली. येऊन घेऊन जा.”

“पार्सलने पाठव.”

“पार्सलने पाठवायची वस्तू आहे का ती? ये तू. एकदा तरी ये.”

मी बरं म्हणालो. नळ तसाच गळत राहिला.

दोरी काय, ते सांगायला हवं. मी चाळीस वर्षं रस्त्यावर पांढरे पट्टे मारले. शाळा सहावीपर्यंतच. पण माझा पट्टा वाकडा गेला असं कुणी दाखवून द्यावं. आधी दोरी चुन्यात बुडवून दोन टोकांना ताणायची, मधे उचलून सोडायची. डांबरावर सरळ रेघ उमटते. तिच्यावरून मशीन चालवायचं. मशीनवर मी. दोरीच्या पलीकडच्या टोकाला दाजी, म्हणजे ताईचा नवरा. बावीस वर्षं आम्ही दोघंच. मशीनचा आवाज असा, की हाक ऐकू जाणं शक्य नाही. म्हणून आम्ही दोरीनेच बोलायचो. एक हिसका म्हणजे थांब. दोन हिसके म्हणजे टोक धरलंय, ये. तीन हिसके म्हणजे रेघ चुकली, बाजूला हो.

ताईचं घर नदीपलीकडे. तिकडे जायला रस्ता एकच, आणि पुलाअलीकडे एक वळण आहे. त्या वळणावरून मी सोळा वर्षं गेलो नव्हतो.

पूर्वी तिथे वळण नव्हतं. रस्ता सरळ जुन्या पुलावर जायचा. पूल पाडला, नवा बांधला, रस्ता डावीकडे वळवला. जुना सरळ पट्टा काढून नवा वळता पट्टा मारायचं काम आमच्याकडे आलं. जुना पट्टा खरवडून काढायचा असतो. पण खरवडायच्या मशीनचे दात तुटले, आणि मी साहेबाला शब्द दिला होता की शुक्रवारी काम संपवतो.

दाजी म्हणाले, “एक दिवस जाऊ दे. दात येतील उद्या.”

मी म्हणालो, “दाजी, दोरी तुमची. शब्द माझा.”

जुन्या पट्ट्यावर मी काळा रंग फासला. आमच्या मालात, म्हणजे भट्टीत वितळवलेल्या पांढऱ्या रंगात, काचेचे बारीक मणी असतात, चमक यावी म्हणून. काळा रंग चार पावसांत झिजतो. मणी झिजत नाहीत. ओल्या रस्त्यावर तिरपं ऊन पडलं, की फासलेला पट्टा आतून उजळतो. हे मला ठाऊक होतं. आमच्या धंद्यात सगळ्यांनाच ठाऊक असतं.

पुढच्याच महिन्यात एका संध्याकाळी एक गाडी त्या उजळलेल्या पट्ट्याने सरळ गेली. दाजी तिथे उभे होते. गाडीवाला वाचला, दाजी नाही. तो चौकशीत एकच सांगत राहिला, मी पट्ट्यातच होतो. मला विचारलं, जुना पट्टा खरवडला होता का? मी म्हणालो, हो. त्याआधी पहाटे एकटा जाऊन मी तो खरोखर खरवडला होता, खडी दिसेपर्यंत. शिक्षा गाडीवाल्याला झाली.

ताईला यातलं मी काही सांगितलं नाही. दाजींना पोहोचवलं त्या दिवशी तिने माझ्याकडे पाहिलं होतं. तेव्हापासून तिच्यासमोर जायचं टाळलं. आता ठरवलं, दोरी घ्यायची आणि सांगून टाकायचं. ती चौऱ्याहत्तरची, मी सत्तरचा. आता नाही तर कधी?

गाडी मुलीची. तिची बदली झाली तेव्हा ती गाडी माझ्या दारात ठेवून गेली. जाताना शेजारी बसून शिकवत होती.

“बाबा, या आरशामागे कॅमेरा आहे. तो रस्त्यावरचे पट्टे बघतो. इंडिकेटर न देता तुम्ही पट्ट्याबाहेर सरकलात, की गाडी टिंग करते आणि स्टिअरिंग थरथरतं. डुलकी लागली, लक्ष उडालं, तरी माणूस भानावर येतो.”

“गुरूची विद्या गुरूलाच! पट्टे मी मारायचे, आणि कुठे आहेत ते गाडी मला सांगणार?”

“तुम्ही मारलेत म्हणून तर ती सांगू शकते. तिला पट्टाच कळतो. रस्ता पुढे आहे की संपला, ते या गाडीला कळत नाही. पट्टा पुसट असेल, समोरून ऊन असेल, तर तोही दिसत नाही. मग हा हिरवा दिवा राखाडी होतो. राखाडी झाला की तुम्हीच तुमचे.”

“म्हणजे रोजच्यासारखंच.”

ती हसली नाही. “स्टिअरिंग ती फिरवत नाही हं बाबा. नुसतं सांगते. फिरवायचं तुम्हीच.”

जेवून दुपारी निघालो. रस्ता रुंद, गाड्या तुरळक. दोन्ही बाजूंना शेतं, मधून एखादं गोदाम. पाऊस येऊन गेला होता. काचा बंद, आतून गरम. शेजारच्या सीटवर पाण्याची बाटली, तिच्याशी काय बोलणार? बायको होती तेव्हा ती सतत बोलायची, आणि मी तिला गप्प बस म्हणायचो.

खोटं बोलणार नाही. मला डुलकी लागली. किती वेळ, माहीत नाही. टिंग झालं आणि हाताखाली स्टिअरिंग थरथरलं. डोळे उघडले तर डावी चाकं पांढऱ्या पट्ट्याबाहेर, आणि पुढे पन्नास पावलांवर बंद पडलेला ट्रक, मागे दगड लावलेला. मी गाडी आत घेतली. ट्रक बाजूने निघून गेला.

“बरं बाई,” मी गाडीला म्हणालो. “कळलं.”

पुढे टपरीवर थांबून तोंड धुतलं, दोन कप चहा घेतला. टपरीवाला म्हणाला, “काका, पुलाकडे जाताय? वळणावर जपून. कठडा मोडलाय परवा.”

“कशाने?”

“गाडीनेच. सरळ गेली. आता सरळ कशाला जायचं, वळण असताना? पण जातात काही जण.”

मी चहाचे पैसे ठेवले आणि निघालो.

वळणाजवळ आलो तेव्हा सूर्य अगदी समोर होता. रस्ता ओला, उन्हाने पेटल्यासारखा. डोळ्यांवर हात धरला तरी पुढचं दिसेना. दिवा राखाडी झाला. मी वेग कमी केला.

मग दिवा परत हिरवा झाला.

काचेतून पाहिलं. समोर पट्टा होता. पांढरा, सरळ, स्वच्छ. उन्हात बाकी सगळं वितळलेलं, तो एकच दिसत होता. जीव भांड्यात पडला. मी त्याच्या कडेने चालू लागलो. गाडी गप्प होती. ती गप्प म्हणजे आपण पट्ट्यात.

थोडं गेल्यावर मला पट्ट्याच्या उजव्या कडेला एक बारीक ओरखडा दिसला. केसाएवढा, पट्ट्याबरोबर चाललेला. माझ्या मशीनच्या पात्याला तिथे खाच होती. जगात दुसऱ्या कुणाच्या पट्ट्याला तो ओरखडा नाही.

आणि हा पट्टा मी माझ्या हाताने खरवडला होता. त्यावर त्यानंतर दोनदा डांबर पडलं होतं...

पाय ब्रेककडे जाईना. खरं सांगायचं तर मी पट्टा बघत राहिलो. इतका सरळ होता तो. गाडीत नदीचा वास आला, आणि त्यात गरम मालाचा वास, आमच्या भट्टीचा.

तेवढ्यात हातातलं स्टिअरिंग ओढलं गेलं.

थरथरलं नाही. थरथर मी दुपारी अनुभवली होती. हे पलीकडून कुणीतरी धरून ओढावं तसं होतं. एक. दोन. तीन.

मी विचार केला नाही. बावीस वर्षांची सवय. गरकन डावीकडे वळवलं. पट्टा ओलांडताना गाडीने टिंग केलं, स्टिअरिंग थरथरलं. म्हणजे तो पट्टा तिलाही दिसत होता. मग चाकांखाली नव्या पुलाचा सांधा खडखडला आणि मी थांबलो.

खाली उतरून मागे चालत गेलो. ऊन ढगाआड गेलं होतं. रस्ता काळा, साधा. सरळ जाणारा पट्टा नाही, खूणही नाही. मी गुडघ्यावर बसून हात फिरवला. गुळगुळीत. समोर मोडक्या कठड्याला लाल फीत बांधली होती. फीत आणि माझ्या टायरची खूण, मध्ये दोन पावलांचं अंतर होतं.

ताईच्या घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. घरात खोकी बांधलेली. एक खुर्ची तेवढी उघडी, ती तिने मला दिली. स्वतः खोक्यावर बसली. फार बारीक झाली होती.

मी पाणीसुद्धा न पिता सांगून टाकलं. दात तुटले ते, काळा रंग फासला तो, चौकशीत हो म्हणालो ते. ती खोक्याची सुतळी बोटाभोवती गुंडाळत राहिली.

मग म्हणाली, “माहीत आहे मला.”

“कसं?”

“त्या दुपारी ह्यांनी तिथून फोन केला होता. म्हणाले, पाऊस पडून गेला, पट्टा वर येणार. तुझ्या भावाला बोलू नकोस, त्याला कमीपणा वाटेल. ऊन उतरेपर्यंत मी लाल फडकं घेऊन उभा राहतो.”

मी पाण्याचा तांब्या उचलून परत ठेवला.

“सोळा वर्षं वाट बघितली,” ती म्हणाली. “म्हटलं, कधीतरी आपल्या तोंडाने सांगेल.”

“मग विचारलं का नाहीस?”

“तू आलास कुठे?”

तिने दोरीचं रीळ माझ्या मांडीवर ठेवलं. जड होतं. वळणावरचं मी तिला सांगितलं नाही. तिने पानं घेतली, आम्ही जेवलो. झोपायला जाताना ती म्हणाली, “गाडीवाल्या पोराचं काय केलंस रे?” मी दिवा मालवला.

चार दिवसांनी भाचा येऊन तिला घेऊन गेला. सकाळीच गेले, त्याच रस्त्याने. फोन आला, सुखरूप पोचलो म्हणून. मी म्हणालो, मागची आवराआवर करून येतो. भाचा म्हणाला, “मामा, पहिल्या तारखेला किल्ली द्यायचीय, लक्षात ठेवा.”

आवरायला काही उरलेलं नाही. रिकाम्या खोल्यांत मी, एक सतरंजी आणि दोरीचं रीळ. त्या गाडीवाल्याबद्दल मी सगळं खरं कागदावर लिहून भाच्याकडे दिलं आहे, चौकशीच्या साहेबांकडे पोचवायला. मुलगी रोज फोन करते, कधी निघताय? मी तिला एकदा विचारलं, ही गाडी स्टिअरिंग ओढते का? ती म्हणाली, “नाही बाबा. सांगितलं होतं ना? नुसती थरथरते. तेही चालू असताना.”

परतायला रस्ता एकच, त्या वळणावरूनचा. गाडी अंगणात उभी आहे. किल्ली माझ्या खिशात. मी खिडकीशी बसतो. पहिल्या संध्याकाळी पाऊस पडून ऊन आलं, आणि मी काचेतून पाहिलं. स्टिअरिंग किंचित हललं. दोनदा.

वारा म्हणावं, तर काचा बंद.

दुसऱ्या संध्याकाळीही तेच. मग रोज. ऊन तिरपं झालं की दोन हिसके. टोक धरलंय, ये. माझी कुणी इतकी वाट बघत असेल असं मला वाटलं नव्हतं. पण तीन हिसके देऊन ज्याने मला बाजूला काढलं, तो दोन का देईल? की हे दोन देणारं टोक दुसऱ्याच कुणाच्या हातात आहे?

परवा मी गाडीत जाऊन बसलो. दोन हिसके आले. मी स्टिअरिंग धरलं आणि एकदा ओढलं. थांब. आमच्यात त्याला उलट उत्तर नसतं. थांब म्हणजे थांब. ते थांबलं. कालही थांबलं.

आज तीस तारीख, उद्या किल्ली द्यायची. आत्ताच जाऊन आलो. एकदा ओढलं, मग पुन्हा एकदा, चांगलं जोर लावून.

तिकडून दोनच आले. आणि या वेळी दोन हिसक्यांमधलं अंतर कमी होतं.