कोरी साडी

सोलापूरच्या बालरक्षण केंद्रातल्या प्रयोगशाळेत गंधवाचक यंत्र गुरगुरलं आणि पडद्यावर आकडा उमटला. त्र्याण्णव!

"झालं," डॉ. तन्वीर शेख म्हणाले. "बापाचा शर्ट. आता कुणाला शंका?"

"मला," निर्मला बिराजदार म्हणाल्या. धोक्याच्या घरांतून मुलं सोडवण्यात या ज्येष्ठ समाजकार्यकर्तीचं उभं आयुष्य गेलं होतं; त्या चहासुद्धा आधी संशयाने हुंगायच्या.

"मॅडम, आता विज्ञानावरही संशय?"

"विज्ञानावर नाही हो, तुमच्या घाईवर. हे यंत्र मोजतं काय, ते पुन्हा सांगा."

"मूल घाबरलं की त्याच्या त्वचेतून भयगंध सुटतो. प्रत्येक मुलाचा वेगळा. तो हातभर अंतरावरच्या कापडात मुरतो. महिनाभर धुतलं तरी जात नाही."

"म्हणजे मूल घाबरलं तेव्हा जवळ कोण होतं, एवढंच कळतं. घाबरलं कुणाला, ते नाही." निर्मलाताईंनी पडद्यावरच्या शर्टाच्या चित्राकडे बोट केलं. उजव्या खांद्यावर लालभडक डाग होता, बाकी शर्ट फिका. "मार खाणारं पोर मारणाऱ्याच्या खांद्यात तोंड खुपसतं का?"

शेखांनी तो डाग मोठा करून पाहिला.

सहा वर्षांची लहरी गड्डम बाहेर बाकावर आत्याशेजारी बसली होती. तिला आई नव्हती. वडील व्यंकटेश दिवसभर चादरींच्या कारखान्यात, आणि घरात आत्या. 'भाऊ पोरीला मारतो' ही तक्रारही आत्याचीच. नियम सरळ होता: भयगंध ज्याच्या कपड्यांवर, त्याच्यापासून मूल दूर. आज संध्याकाळी लहरी कायमची आत्याच्या ताब्यात जाणार होती.

"आत्याच्या साडीचा आकडा?"

"शून्य. सकाळी आल्या आल्या दारातच मोजला, लहरी केंद्राच्या गाडीतून पोचण्याआधी."

"त्याच घरात राहून शून्य?"

"साडी नवी आहे. आजच घडी मोडलीय."

"कचेरीत यायला कोरी साडी! कुणाचं लग्न होतं इथं? तुमचं यंत्र कपडे हुंगतं, हे अख्ख्या गावाला माहीत आहे, डॉक्टर."

"असेल. पण नव्या साडीवरून काहीच सिद्ध होत नाही."

"होतं की! चला."

त्यांना बघताच आत्या उठली. लहरीचं मनगट तिच्या मुठीत होतं. "झालं का, बाई? पोर दमलीय."

"झालंच. जरा पदर द्या."

"सकाळी दिला की!"

"सकाळी शून्य होता. म्हणूनच पुन्हा हवाय."

शेखांनी हातातलं छोटं यंत्र पदराला लावलं. अठ्ठ्याऐंशी. त्यांनी ते झटकलं, पुन्हा लावलं. अठ्ठ्याऐंशीच!

"पण बाप तर अजून इथं आलेलाच नाही," ते पुटपुटले. मग सावरून म्हणाले, "अनोळखी जागेला घाबरली असेल."

"मग माझा पदर मोजा. सकाळी माझ्याजवळ बसून चित्रं काढत होती. याच इमारतीत."

शून्य.

आत्याची मूठ सुटली.

"घरातली जुनी साडी नेसून आला असता ना," निर्मलाताई तिला म्हणाल्या, "तर कुठला वास कधीचा, मला ओळखता आलं नसतं. गंध आजचाच आहे, हे तुमच्या कोऱ्या साडीनंच सांगितलं."

शेखांनी वडिलांचा शर्ट आणून लहरीपुढे धरला. तिने तो दोन्ही हातांनी ओढून घेतला, उजवा खांदा शोधला आणि त्यात तोंड खुपसलं.