दोन तासांत पोचलेली

सांगते, पण मध्येच हसू नका. शाळाशाळांतून भुताखेतांविरुद्ध प्रयोग करून दाखवणारी मुलगी आहे मी.

त्या सकाळी बंगळुरूत मी भाजी निवडत होते. माझ्या धाकट्या भावाचा, भाग्येशचा फोन आला.

"ताई, फुई पानी ली नई ऱ्हायनी. म्हनस, चेतनाना हातनंच पिसू."

फुई म्हणजे माझी आत्या, सिंधुबाई. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. आमच्या घरात शेवटचं पाणी लेकीच्या हातचं. फुईला पोटची लेक नाही. मीच, तिची चेतना.

बारा वाजता सुरतच्या विमानात बसले आणि तसं कळवलं. भाग्येशनं मोबाइलवर अंतर पाहिलं आणि तिच्या कानाशी ओरडला, "फुई, हजार किलोमीटर! दोनच तास!" सुरतेहून आमच्या गावी, म्हसावदला, पाच तास लागतात, हे तो मोजायलाच विसरला. विमान जसं काही आमच्या अंगणातच उतरणार होतं.

दोनला सुरतेत उतरले. भाग्येश फोन उचलेना. गाडी मिळाली ती अक्कलकुव्याच्या हिलालभाऊंची.

"भाऊ, जोरात घ्या ना!"

"ताई, गाडी शे ही, तुन्हं इमान नई."

खड्ड्याखड्ड्याला मी सरकारचा उद्धार करत होते. अक्कलकुवा मागे पडलं तसं ऊन उतरलं. सातपुड्याच्या बाजूनं काळोख सरकत खाली येत होता. काचा बंद असूनही गाडीत ओल्या तुळशीचा वास भरला. पाहिलं, तर माझा उजवा तळवा ओला होता. पुसला. पुन्हा ओला झाला...

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. अंगणात माणसं खाली मान घालून बसलेली. भाग्येश उठून आला आणि जागीच थबकला.

"ताई... तू बाहेर कव्हय गयी?"

"आत्ता येतेय मी. फुई?"

"आसं नको बोलू ना..." तो म्हणाला. "दोनले ऊनी तू. तीन घोट पाजात तिले. ती हासनी बी... मंग गयी."

माझ्या बॅगेवरच्या विमानाच्या चिठ्ठीकडे तो बघत राहिला.

भीती नंतर आली. आधी एवढंच कळलं, की माझी फुई तहानलेली गेली नाही. जी कोणी आली असेल, तिचे पाय धरावेसे वाटले.

"ताई," भाग्येश कुजबुजला, "तू आठे शे... तं मझार कोन शे?"

आत बायकांचं रडणं ओसरलं होतं. एकच आवाज उरला होता. हुंदका गिळताना मध्येच अडकणारा, माझाच.

मी उंबऱ्याबाहेर हात जोडून बसले. तिचं रडून होईपर्यंत आत गेले नाही.